परदेशी मुलीला घरी ठेवावं का? घरात दोन तट पडलेत

रत्नागिरीची_सून
रोटरी क्लबच्या युथ एक्स्चेंजमधून जर्मनीची एक 16 वर्षांची मुलगी जुलैत येतेय, शाळेचं वर्षभर इथे शिकणार. त्यातले काही महिने आमच्याकडे ठेवाल का असं विचारलंय. पैसे मिळत नाहीत, राहणं-जेवण आपलं, तिकीट-विमा तिच्या घरचे बघतात. हे तयार, नववीतली लेक तर हरखून गेलीय. सासूबाईंचं म्हणणं, परक्याच्या वयात आलेल्या पोरीची जबाबदारी घ्यायची कोणी? मला ठेवावंसं वाटतं, पण दिवसभर घरात मीच असते. खरं काय ते सांगा.

दापोलीकर
बिनधास्त ठेवा. तुमच्या लेकीला इंग्रजी बोलायला क्लास लावायची गरज उरणार नाही आणि त्या मुलीला गणपती, शिमगा, पालखी सगळं घरात बसून बघायला मिळेल, हॉटेलात राहून हे कधी कळत नाही. आणि रत्नागिरीला परदेशी माणूस काय नवीन आहे, ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 ला आला तो 1916 ला वारेपर्यंत इथेच होता की.

देवगडवाला
थिबा राजाला इंग्रजांनी कैद करून आणलेला, त्याचं उदाहरण इथे लावू नका. माका ह्या पटना नाय. जुलै म्हणजे ऐन पावसाळा. कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत, पडवीत दोऱ्या बांधून कुबट वास, रात्री लाइट गेली की सकाळपर्यंत पत्ता नाही, वर अंगणात फुरसं, म्हणजे विषारी साप, निघतं. आपल्याला सवय आहे, पण त्या पोरीने पहिल्याच महिन्यात रडत घरी फोन केला तर दोष तुमच्यावर येणार. आणि सगळ्यात मोठी भीती समुद्राची. तिकडची मुलं पोहायला शिकलेली असतात, मला येतं म्हणून सांगतील, पण तलावात पोहणं वेगळं आणि आरे-वारेच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पाण्यात उतरणं वेगळं. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, चांगले पोहणारे आत गेलेत. 16 वर्षांच्या पोरीला रोज नाही म्हणायला तुम्ही आई आहात का तिची?

चिपळूणची_मास्तरीण
देवगडवाले, समुद्राचं शंभर टक्के बरोबर, पण म्हणून दारच बंद करायचं? पहिल्या दिवशी नियम सांगायचा, पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, आपल्या लेकीलाही हाच नियम. तिला एकटीलाच वेगळा नियम लावला तर मात्र ती ऐकणार नाही. बाकी पाऊस, लाइट हे तिला आधीच कळवा, फोटो पाठवा, उन्हाळ्यातल्या आंब्याचेच पाठवू नका.

कागदांचं पण बघा. परदेशी माणूस घरात राहायला आला की 24 तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात, आणि तो घरमालकाने भरायचा. व्हिसा 180 दिवसांच्या वरचा असेल तर साधारणपणे 14 दिवसांत तिची नोंदणीही करावी लागते. क्लब करेल म्हणून सोडून देऊ नका, कोण भरणार ते आधी विचारा.

गुहागरची_आजी
सासूबाईंना आडमुठ्या समजू नका हो. त्यांची भीती खरी आहे. घरात येणारे-जाणारे किती, मुंबईचे चाकरमानी गणपतीत आले की ओटीवर माणसं झोपतात, तेव्हा ही मुलगी कुठे झोपणार? तिला स्वतःची खोली, निदान स्वतःचा पलंग आणि दाराला आतून कडी हवीच. हे जमत नसेल तर ठेवू नका, मग कितीही हौस असू दे.

दापोलीकर
आजी, एवढा संशय घेतला तर पाहुणा कोण ठेवणार?

गुहागरची_आजी
संशय नाही, काळजी. तुझी नात परदेशात कोणाच्या घरी राहायला गेली तर तू हेच विचारशील.

देवगडवाला
आजींशी सहमत. आणि रांधायचं कोण ते पण बोला. मासे खाणारी असेल तर सोपं, नाहीतर बाईला तीन वेळा वेगळं करावं लागेल. ह्यांनी हो म्हटलं आणि चुलीपुढे सूनबाई, असं नको.

रत्नागिरीची_सून
हे मी ह्यांना वाचून दाखवलं. सकाळचा नाश्ता आणि शाळेत सोडणं-आणणं ह्यांच्याकडे, असं ठरलंय. वेगळा स्वयंपाक करणार नाही, घरात घावणे असले तर घावणे, आमटी-भात असला तर तोच. मधली खोली तिला, कडी उद्याच बसवून घेते. रविवारी क्लबची माणसं घर बघायला येतायत, सासूबाईंना म्हटलंय तुमचे प्रश्न तुम्हीच विचारा. गणपतीत चाकरमान्यांची सोय काय करायची ते मात्र अजून सुटलेलं नाही.

देवगडवाला
त्यांना आधीच फोन करून सांगा, ह्या वर्षी ती खोली नाही म्हणून. रुसले तर रुसू दे. समुद्राचं मात्र लेखी घ्या.