अमिनो आम्लाचा ‘रेसिड्यू’ म्हणजे नक्की काय? आणि सिकलसेलमध्ये ग्लू६ की ग्लू७?

तृतीयवर्ष_जैवरसायन:
पुस्तकात एका ओळीत ‘अमिनो आम्ल’ आणि पुढच्याच ओळीत ‘अमिनो आम्ल रेसिड्यू’ असतं. मराठी परिभाषेत त्याला ‘अवशेष’ म्हणतात, पण कशाचा अवशेष ते कळत नाही. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

बीटा ग्लोबिनचा (हिमोग्लोबिनमधली एक प्रथिन-साखळी) ट्रिप्सिन या एन्झाइमने तुटलेला पहिला पेप्टाइड, म्हणजे छोटा तुकडा: व्हॅल-हिस-ल्यू-थ्र-प्रो-ग्लू-ग्लू-लिस. आठही अमिनो आम्लांची वस्तुमानं मिळवली की बेरीज १०७७.५८ येते. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखात) मात्र शिखर ९५२.५१ वर दिसतं.

दुसरं म्हणजे, सिकलसेलबद्दल पुस्तक ‘सहाव्या जागी ग्लूटामिक आम्लाऐवजी (ग्लू) व्हॅलीन (व्हॅल)’ म्हणतं, तर जनुकीय तपासणीच्या नमुना रिपोर्टमध्ये ‘पी.ग्लू७व्हॅल’ आहे. यातलं बरोबर कोणतं?

पेप्टाइडवाला:
पहिल्या अडचणीचं उत्तर रेसिड्यूच्या व्याख्येतच आहे. दोन अमिनो आम्लं जोडली जाताना एकाच्या कार्बॉक्सिल गटातला ओएच आणि दुसऱ्याच्या अमिनो गटातला एच मिळून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. त्यानंतर साखळीत अमिनो आम्लाचा जेवढा भाग उरतो तो रेसिड्यू. म्हणून सुट्ट्या ग्लायसिनचं वस्तुमान ७५.०३ आणि ग्लायसिन रेसिड्यूचं ५७.०२, फरक १८.०१, म्हणजे पाणी. काटेकोर बोलायचं तर साखळीत अमिनो आम्लं नसतातच, रेसिड्यू असतात. ‘१४६ अमिनो आम्लांची साखळी’ असं बोलताना सगळेच म्हणतात आणि ते चालतं. वस्तुमान काढताना मात्र चालत नाही.

तुमच्या पेप्टाइडमध्ये आठ रेसिड्यू म्हणजे सात बंध, म्हणजे पाण्याचे सात रेणू गेले: ७ × १८.०१०६ = १२६.०७. १०७७.५८ मधून ते वजा करा, ९५१.५० उरतात. स्पेक्ट्रममध्ये दिसतो तो एक प्रोटॉन चिकटलेला आयन, म्हणून १.००७ मिळवा: ९५२.५१.

रोजच्या कामात उलट बाजूने जा. रेसिड्यूंच्या वस्तुमानांचा तक्ता घ्या (व्हॅल ९९.०६८, हिस १३७.०५९, ल्यू ११३.०८४, थ्र १०१.०४८, प्रो ९७.०५३, ग्लू १२९.०४३, लिस १२८.०९५), बेरीज करा आणि शेवटी एकदाच १८.०११ मिळवा. हे पाणी म्हणजे पहिल्या टोकाचा एच आणि शेवटच्या टोकाचा ओएच. ते विसरलं की उत्तर बरोबर १८ ने कमी येतं. चूक ओळखायची हीच खूण. दोन सिस्टीनमध्ये डायसल्फाइड बंध असेल तर आणखी २.०१६ वजा.

अंदाजासाठी प्रत्येक रेसिड्यूला ११० डाल्टन (वस्तुमानाचं एकक) धरतात. बीटा साखळीला १४६ × ११० = १६,०६० येतात, खरं सरासरी वस्तुमान १५,८६७ आहे. जेलवरचा पट्टा ओळखायला एवढं पुरतं, त्यापुढे नाही.

जनुकवाचक:
६ की ७: दोन्ही बरोबर, मोजणी वेगळी.

व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ मध्ये हा बदल दाखवला तेव्हा हातात प्रथिन होतं, जनुकाचा क्रम नव्हता. रक्तातल्या बीटा साखळीचा पहिला रेसिड्यू व्हॅलीन, तिथून मोजलं की सहावा ग्लूटामिक आम्लाचा. जनुकात मात्र व्हॅलीनच्या आधी एटीजी, म्हणजे मेथिओनीन असतं. साखळी तयार होत असतानाच एन्झाइम ते कापून टाकतं. आजचे जनुकीय रिपोर्ट त्या मेथिओनीनला १ धरतात, म्हणून सहाचा सात झाला. डीएनए पातळीवर तोच बदल सी.२०ए>टी: जीएजीचं जीटीजी.

खरा धोका पुढे आहे. जुन्या मोजणीत सहा आणि सात या दोन्ही जागी ग्लूटामिक आम्लच आहे. त्यामुळे ‘ग्लू७’ जुन्या पद्धतीने वाचलं तरी त्या जागी ग्लूटामिक सापडतं आणि घोटाळा लक्षातच येत नाही. जुन्या सातव्या जागी ग्लायसिन आलं तर ते सिकलसेल नव्हे, हिमोग्लोबिन जी-सॅन होजे असतं. म्हणून रिपोर्ट वाचताना ‘पी.’ (प्रथिनातला बदल, नवी मोजणी) आहे का ते बघा आणि ‘सी.’चा (डीएनएतल्या अक्षराचा) आकडा ताडा. तीन अक्षरांचा एक कोडॉन, एका कोडॉनचं एक अमिनो आम्ल: २० ला ३ ने भागलं की ६ पूर्ण आणि वर २, म्हणजे सातव्या कोडॉनचं मधलं अक्षर. हिमोग्लोबिन ई या दुसऱ्या बदललेल्या प्रकाराचंही तसंच: जुनं ग्लू२६लिस, नवं पी.ग्लू२७लिस, सी.७९जी>ए.

तृतीयवर्ष_जैवरसायन:
कळलं. मग एचबीए१सी (मधुमेहात मोजतात ते साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन) मध्ये साखर ‘बीटा १ व्हॅलीन’ला चिकटते म्हणतात, तो १ जुनाच ना? आणि ‘ग्लूटामिक आम्ल’ की ‘ग्लूटामेट’?

रक्तपेढीबाहेर:
हो, तो जुनाच. मेथिओनीन गेल्यामुळेच त्या व्हॅलीनचा अमिनो गट मोकळा असतो, म्हणून साखरेला तिथे जागा मिळते.

रक्ताच्या पीएचला ग्लूटामिक रेसिड्यूच्या बाजूच्या साखळीवर एक ऋण भार असतो (तिचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन सोडतात तो, साधारण ४.२), म्हणून शरीरातल्या स्थितीसाठी ‘ग्लूटामेट’ जास्त नेमकं. विदर्भात किंवा नंदुरबारला सिकलसेलची तपासणी करणाऱ्यांना हाच भार कामी येतो. व्हॅलीन निर्भार आहे, म्हणजे चार साखळ्यांच्या हिमोग्लोबिन रेणूत (त्यात बीटा दोन) दोन ऋण भार कमी. म्हणून पीएच ८.४ ते ८.६ च्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या दाबाखाली प्रथिनं वेगळी करण्याची पद्धत) एचबी-एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, धन टोकाकडे एचबी-ए पेक्षा (नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा) हळू सरकतं. वाहकात (एकच बदललेलं जनुक असलेल्या व्यक्तीत) दोन्ही पट्टे दिसतात.

पण एचबी-डी पंजाब या हिमोग्लोबिनच्या प्रकारातही (जुनं ग्लू१२१ग्लुन, म्हणजे ग्लूटामिकच्या जागी ग्लूटामीन) प्रत्येक बीटा साखळीमागे एकच ऋण भार जातो, त्यामुळे त्याचा पट्टा एसच्याच जागी येतो. एसच्या जागचा पट्टा पाहून लगेच ‘सिकलसेल’ लिहू नका. सोल्युबिलिटी टेस्ट लावा: एस असेल तर द्रावण गढूळ होतं, नुसतं डी असेल तर स्वच्छ राहतं. त्या टेस्टवर वाहक आणि रुग्ण मात्र वेगळे ओळखता येत नाहीत आणि तान्ह्या बाळात एसचं प्रमाण कमी असल्याने ती फसते. तिथे एचपीएलसीच (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करून घ्या.