शब्दचर्चा: ‘मल्टिक्लास एन्ड्युरन्स रेस’ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा (मानेवाडा, नागपूर)

२०२५चा जून. मृग लागून आठवडा झाला होता, तरी उकाडा हटत नव्हता. शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी बाबांना सोबत घेऊन ले मान्सची चोवीस तासांची शर्यत बघायला बसले. तिकडे फ्रान्समध्ये तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. गाडीतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण ही शर्यत ते पहिल्यांदाच बघत होते.

६२ गाड्या एकाच रस्त्यावर. त्यांतल्या २१ हायपरकार, १७ एलएमपी२ आणि २४ जीटी३. हायपरकार सर्वांत वेगवान, एलएमपी२ मधल्या, आणि जीटी३ म्हणजे शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीवरून बेतलेल्या. सुटतात एकाच दुपारी, धावतात एकत्र, पण बक्षीस ज्याचं त्याचं वेगळं.

बाबांनी एका गाडीकडे बोट करून विचारलं, “हा कितवा?” मी म्हटलं, आपल्या वर्गात तिसरा. “वर्गात म्हणजे?” मी समजवायला गेले आणि अडखळले. वाक्यात मराठी फक्त क्रियापदं उरली होती. “त्या क्लासचा लीडर ट्रॅफिकमध्ये अडकला, त्याला लॅप केलं, आता डबल स्टिंट करून राहिला.” बाबा मान हलवत होते, पण त्यांना समजलं नव्हतं, हे मला कळत होतं.

नंतर त्यांच्यासाठी चार पानं लिहून काढली. आता भाच्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातली मुलंही ती मागत आहेत. म्हणून विचारते. एन्ड्युरन्स, क्लास, मल्टिक्लास, लॅप करणं (एखाद्याला पूर्ण एका फेरीने मागे टाकणं) आणि स्टिंट, या पाच शब्दांना बोलताना तोंडात बसतील असे शब्द हवे आहेत. कोशातले मी पाहिले आहेत. ‘बहुवर्गीय सहनशीलता स्पर्धा’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला ती समाजशास्त्राची परिषद वाटेल.

प्रतिसाद (महाल)

आधी एन्ड्युरन्स घेऊ. ‘सहनशक्ती’ मला पटत नाही. सहन करणारा गप्प बसलेला असतो, त्याच्यावर काहीतरी येऊन पडतं आणि तो ते सोसतो. इथे तर माणूस रात्रभर गाडी हाकतो आहे. ‘दम’ बरा आहे. गायकाचा दमसास, पैलवानाचा दम. पण दम म्हणजे श्वास, तो जित्या प्राण्याचा. गिअरबॉक्सला दम कुठला?

माझ्या मते शब्द आपल्या तोंडात आधीपासून आहे : तगणे. “आजी या उन्हाळ्यात तगली” म्हणतो, आणि “टायर अजून एक पावसाळा तगेल” असंही म्हणतो. माणूस आणि यंत्र दोघांनाही चालणारं असं क्रियापद दुसरं मला आठवत नाही. या शर्यतीत दोघांचीच परीक्षा असते ना? ‘तगाची शर्यत’ म्हणताना जीभ अडते, ‘तगण्याची शर्यत’ सरळ जातं.

प्रतिसाद (धरमपेठ)

‘लांब पल्ल्याची शर्यत’ हा वर्तमानपत्रात रुळलेला शब्दप्रयोग आहे. मॅरेथॉनला वापरतात. तोच ठेवावा, नवे घडवू नयेत.

मूळ विचारणाऱ्याकडून

पल्ला म्हणजे अंतर. मॅरेथॉनमध्ये अंतर ठरलेलं असतं आणि वेळ मोजतात. ले मान्सला उलटं : वेळ ठरलेली, आणि त्या वेळात कोण किती अंतर कापतो ते मोजायचं. २०२५ साली जिंकलेल्या ८३ क्रमांकाच्या पिवळ्या फेरारीने १३.६२६ किलोमीटरच्या ३८७ फेऱ्या मारल्या, म्हणजे सव्वापाच हजार किलोमीटरच्या वर. आपल्या नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या साडेसात खेपा. तो आकडा शर्यतीच्या शेवटी हाती येतो, आधी कोणालाच ठाऊक नसतो. म्हणून ‘पल्ला’ इथे चुकतो.

‘तगणे’ मला फार आवडलं, आणि त्याला इतिहासाचाही आधार आहे. १९२३ साली ही शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा एकूण विजेता असा कोणी नव्हताच. इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे प्रत्येक गाडीला किमान अंतर नेमून दिलेलं होतं, ते चोवीस तासांत पूर्ण करायचं. ३३ गाड्या सुटल्या, ३० शेवटपर्यंत पोचल्या. लागाश आणि लेओनार यांची शेनार-वॉल्कर सर्वांत लांब गेली, २,२०९ किलोमीटर, म्हणून आज यादीत पहिलं नाव त्यांचं दिसतं. मुळात प्रश्न होता : नेमून दिलेलं पुरं करेपर्यंत तुझी गाडी तगली का?

प्रतिसाद (महाल)

मग चोवीस तासांच्या शर्यतीला ‘अष्टौप्रहर’ का म्हणू नये? तीन तासांचा एक प्रहर. अमेरिकेतल्या सेब्रिंगची बारा तासांची शर्यत चार प्रहरांची, सहा तासांची दोन प्रहरांची. नाव म्हणून नाही, पण लेखनात एकदा तरी वापरा.

आणि स्टिंटसाठी ‘पहारा’. आमच्या आळीतल्या सप्ताहात वीणा अहोरात्र उभी असते. एक जण उतरतो, दुसरा हातात घेतो, मध्ये ती जमिनीला टेकत नाही. माझा पहारा रात्री दोन ते चार असायचा. तीन चालकांनी एक गाडी चोवीस तास चालती ठेवायची, हे मला त्यापेक्षा वेगळं वाटत नाही.

प्रतिसाद (कळमना, ट्रान्सपोर्टचा धंदा)

वीणेचं उदाहरण सुंदर आहे, पण एक गोंधळ होईल. स्टिंट म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी असतात असं दिसते. डिझेल भरल्यापासून पुन्हा डिझेल भरेपर्यंत, ही एक. आणि एक ड्रायव्हर बसल्यापासून उतरेपर्यंत, ही दुसरी. आमच्याकडे त्याला दोन शब्द आहेत. गाडीची ‘खेप’, माणसाची ‘पाळी’. एका पाळीत दोन खेपा मारल्या, तीन मारल्या, असं आम्ही रोज बोलतो.

मूळ विचारणाऱ्याकडून

हे तर इंग्रजीपेक्षा नेमकं झालं! हायपरकार ले मान्सला साधारण बारा फेऱ्यांनंतर इंधनाला येते, म्हणजे खेप पाऊण तासाच्या आतबाहेर. चालक मात्र बहुतेक वेळा दोन-तीन खेपा बसून राहतो. नियम पाळीवर आहे : कोणत्याही सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त नाही, आणि पूर्ण शर्यतीत चौदा तासांपेक्षा जास्त नाही. “डबल स्टिंट” आता “दोन खेपांची पाळी”. आणि पाळी हा शब्द नागपूरला नवा नाही. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने तो इथल्या किती घरांत नेला असेल! आमच्याच आजोबांची रातपाळी असायची.

प्रतिसाद (कळमना, ट्रान्सपोर्टचा धंदा)

मागची वेगवान गाडी पुढे जाते त्याला ‘साईड देणे’ लिहा. ट्रकवाल्याला अजून काही सांगावं लागणार नाही. समृद्धीवर कारला १२० आणि आमच्या ट्रकला ८०, तिथे दिवसभर हेच चालू असते. मागून डिप्पर पडला की समजून घ्यायचं.

मूळ विचारणाऱ्याकडून

इथे मला थांबावं लागतंय, कारण माझ्या मते सगळी शर्यत याच एका क्रियापदात आहे.

फॉर्म्युला वनमध्ये मागून फेरीने पुढे असलेली गाडी आली की निळा झेंडा दाखवतात, आणि पुढच्याने तिला जाऊ द्यावंच लागतं, नाहीतर दंड. तिथे ‘साईड देणे’ तंतोतंत बसतं. ले मान्सला निळा झेंडा म्हणजे सूचना : मागून कोणीतरी येतंय. जीटी३वाल्याने आपली रेघ सोडायची नाही, अचानक हलायचं नाही. सुरक्षितपणे पुढे जाण्याची जबाबदारी वेगवान गाडीवाल्याची. म्हणजे पुढचा साईड देत नाही, मागचा ‘गाडी काढतो’.

मी हे बाबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. मी घाटात कधी साईड द्यायला हललो नाही. हललो की मागच्याचा अंदाज चुकते. आपली पट्टी धरून चालायचं, त्याला जिथं जागा दिसंल तिथं तो काढंल.” रात्री अडीच वाजता, डोळ्यांवर झापड असताना, मागून दिवे येत असतील आणि आपल्या स्वतःच्या गटातला प्रतिस्पर्धी दोन सेकंद पुढे असेल, तेव्हा पट्टी धरून ठेवणं किती अवघड असेल, हे त्यांना लगेच दिसलं. मला मात्र ते दिसायला दोन-तीन वर्षं लागली होती.

हे किती वेळा होतं त्याचा साधा हिशोब करा. हायपरकारची फेरी साडेतीन मिनिटांची धरा, जीटी३ची चार. अठ्ठावीस मिनिटांत एकीच्या आठ होतात, दुसरीच्या सात. म्हणजे दर अर्ध्या तासाच्या आत प्रत्येक हायपरकार प्रत्येक जीटी३ला एकदा गाठते. २१ विरुद्ध २४. रात्रभर.

प्रतिसाद (रेशीमबाग, कबड्डी शिकवतो)

‘लॅप करणे’ला ‘फेरी चढवणे’ म्हणा. आम्ही लोण चढवतो, तशी फेरी चढवायची. ज्याच्यावर चढली त्याच्या बाजूनेही बोलता येतं : “त्याच्यावर दोन फेऱ्या चढल्या”, व्याज चढतं तसं.

मूळ विचारणाऱ्याकडून

घेतला. पण एक अट घालावीशी वाटते. लोण चढला म्हणजे समोरचा संघ पूर्ण बाद, त्यात हार आहे. हायपरकार जीटी३च्या पुढे गेली त्यात जीटी३ची हार नाही, त्या दोघी एकमेकींशी खेळतच नाहीत. म्हणून एकाच गटात असेल तर ‘फेरी चढवली’, आणि वेगळ्या गटातली असेल तर नुसतं ‘गाडी काढली’. २०२५ला दुसरी आलेली सहा क्रमांकाची पोर्शे पिवळ्या फेरारीच्या १४ सेकंद मागे होती. चोवीस तास धावूनही तिच्यावर एकही फेरी चढली नाही. असं लिहिलं की ती लढत केवढी होती ते वाचणाऱ्याला कळतं.

प्रतिसाद (अमरावती रोड, मूळ तळेगाव दशासर)

तुम्ही आता सहज ‘गट’ लिहून गेलात, तोच ठेवा. वर्ग म्हटलं की शाळा नाहीतर वर्गसंघर्ष. श्रेणी म्हटलं की पायऱ्या आल्या, वरची आणि खालची. गटात उच्चनीच नाही. कुस्तीत वजनी गट, आमच्या शंकरपटात जोड्यांचे गट. खालच्या गटात पहिल्या आलेल्या जोडीच्या धुरकऱ्यालाही लोक खांद्यावर घेतात, वरच्या गटातली जोडी किती सेकंदांत धावली हे तेव्हा कोणी काढत नाही.

प्रतिसाद (धरमपेठ)

मग मल्टिक्लास म्हणजे ‘बहुगट’. प्रश्न मिटला.

मूळ विचारणाऱ्याकडून

मला तिथेच काहीतरी सुटतंय असं वाटतं. कुस्तीही बहुगट आहे, शंकरपटही. पण ५७ किलोचा पैलवान ९७ किलोवाल्यासोबत एकाच वेळी आखाड्यात नसतो. ले मान्सचं वेगळेपण गट पुष्कळ आहेत यात नाही, ते एका वेळी एका रस्त्यावर आहेत यात आहे. सहशिक्षण, सहभोजन म्हणतो तसं ‘सहगट शर्यत’ म्हटलं तर? ‘मिश्रगट’ही सुचला होता, पण ‘मिश्र दुहेरी’मुळे मिसळ संघाच्या आत आहे असं वाटतं.

बाबांना यातलं काहीच लागलं नाही. त्यांनी एसटी सांगितली : “वर्धा रोडवर साधी गाडी आहे, विनाथांबा आहे, निमआराम आहे. रस्ता एकच. साध्या गाडीच्या ड्रायव्हरचं काम साधी गाडी टायमात नेणं. विनाथांबा पुढं गेली म्हणून तो लेट झाला का?”

प्रतिसाद (महाल)

‘सहगट’ला माझी संमती. पहिल्यांदा लिहाल तेव्हा “अनेक गट एकाच वेळी धावणारी” असं सोबत घाला, म्हणजे दुसऱ्यांदा समजावं लागणार नाही.

प्रतिसाद (प्रतापनगर)

दोन लहान गोष्टी. प्रोटोटाइपला ‘आद्यनमुना’ लिहू नका. तो पुढच्या कशाचा नमुना नसतो, शर्यतीपुरतीच घडवलेली गाडी असते. ‘प्रोटोटाइप’च चालेल. आणि ‘ब्राँझ ड्रायव्हर’चं ‘कांस्यपदक विजेता चालक’ करू नका. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ ही चालकांची प्रतवारी आहे, पदकं नाहीत. जीटी३ गटाच्या प्रत्येक गाडीत एक तरी ब्राँझ चालक असावाच लागतो, म्हणजे बहुधा ज्याचं पोट दुसऱ्या धंद्यावर आहे असा माणूस. आपल्याकडे हौशी रंगभूमी आहे, तसा ‘हौशी चालक’.

मूळ विचारणाऱ्याकडून

हौशी, हो. त्या शब्दात कमीपणा नाही, विदर्भात तर नाहीच.

‘ओव्हरऑल’ राहिलं. ‘सर्वसाधारण विजेतेपद’ शाळांच्या ढालींसाठी वापरतात, ते इथे लागत नाही. मी ‘एकूणात’ वापरते. भारतीय चालक करुण चंढोक २०१२ साली ले मान्सला एकूणात सहावा आला. ‘सहावा’ एवढंच लिहिलं तर वाचणारा विचारेल, कोणामध्ये?

काल रात्री सुधारलेला परिच्छेद बाबांना वाचून दाखवला. जसाच्या तसा इथे देते :

“ही तगण्याची सहगट शर्यत, म्हणजे अनेक गट एकाच वेळी एका रस्त्यावर धावतात आणि प्रत्येक गटाचा पहिला वेगळा. २०२५ साली हायपरकार गटात ८३ क्रमांकाची फेरारी पहिली, एकूणातही तीच पहिली. जीटी३ गटात ९२ क्रमांकाची पोर्शे पहिली. तिचे चालक रिचर्ड लिट्झ, रिकार्डो पेरा आणि हौशी चालक रायन हार्डविक. रात्रभर हायपरकार त्यांच्या शेजारून गाडी काढत राहिल्या, आणि ते आपली पट्टी धरून, खेपेमागून खेप, चालवत राहिले.”

बाबांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, “त्या हौशी माणसाची पाळी रात्री किती वाजता होती?”

तेवढं मला शोधायचं आहे.