1998 च्या वहीत लिहिलंय : 10 लाख झाले की बस

गिरणगावचा_पोर

मंडळी, आकडेमोड मला येते. 31 वर्षं स्टोअर्स आणि पर्चेसमध्येच गेली. विचारायचंय ते वेगळंच आहे, पण आधी परिस्थिती सांगतो.

वय 57. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून पुढच्या मार्चला रिटायर. डोंबिवलीत वन बीएचके, कर्ज 2016 ला फिटलं. मुलगी पुण्यात, नोकरीही आहे आणि लग्नही झालंय. पीएफ 62 लाख, एफडी 38, म्युच्युअल फंड 41, पीपीएफ 22. घरखर्च महिना 48 हजार, हिच्या गुडघ्याची फिजिओथेरपी धरून.

आता एका जुन्या साहेबांनी दहेजला बोलावलंय, भरूचजवळ. महिना 1 लाख 40 हजार, राहायला खोली, 3 वर्षं. मी मनातल्या मनात हो म्हणून मोकळा झालोय. ही म्हणते, मालवणच्या घराची दोन वर्षं शाकारणी (छपराची कौलं परतणं) झालेली नाही, माजघरात पाणी उतरतं, आधी तिकडे चला.

गेल्या रविवारी पीएफचे कागद शोधताना माळ्यावर माझी जुनी वही सापडली. 1998 सालचं पान, माझंच अक्षर : "10 लाख झाले की बस." खाली दोन रेघा. त्याच पानावर वेगळ्या पेनाने 2008 : 50 लाख. 2017 : 1 कोटी (नक्की). कंसातलं "नक्की" माझंच. सध्या डोक्यात अडीच कोटी चाललेत, आणि अडीचच का, विचाराल तर सांगता येत नाही.

हे कुठून येतं ते मला ठाऊक आहे. लालबागला दहा बाय बाराची खोली, बाबा कापडगिरणीत साचेखात्यात (मागांवर), आई गावच्या 14 जणांची खानावळ चालवायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी 14 वर्षांचा. अडीच लाख कामगार बाहेर. महिन्याभरात मिटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो आजवर कुणी अधिकृतपणे मागेसुद्धा घेतला नाही. खानावळीचे मेंबर शिमग्याला गावी गेले, अर्धे परतलेच नाहीत. आईने प्रेमा पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळातून बँकेचं कर्ज काढलेलं, त्याचा हप्ता मात्र दर महिन्याला यायचा. हंडा गेला, मग कळशी, मग आजीची मोठी परात. बाबा रात्री ट्रंकेवर चिल्लर मोजायचे. पत्र्यावर नाणं टेकवल्याचा आवाज मला अजून झोपेत येतो. मीही रोज रात्री पाकिटातले पैसे मोजून झोपतो. ही हसायची, आता हसत नाही.

तर प्रश्न असा : तुमच्यापैकी कुणाला "आता पुरे" असं खरंच आतून वाटलंय का? कधी, आणि कशामुळे? आणि दहेजला जाऊ की नको?

पोस्टाची_पायरी

दादा, आकडेमोड येते म्हणालात म्हणून फक्त पडताळा करून देते. 22 वर्षं पोस्टाची एजन्सी केलीये, राहवत नाही.

निवृत्त होताय म्हणजे साठीच्या आधीही सीनियर सिटिझन स्कीममध्ये बसता. निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं, ते विसरू नका. कमाल 30 लाख, 8.2 टक्के, दर तिमाहीला 61,500. मासिक प्राप्ती योजनेत जोडखात्यावर 15 लाख, 7.4 टक्क्यांनी महिना 9,250. दोन्ही मिळून वर्षाला 3 लाख 57 हजार. तुमचा खर्च 5 लाख 76 हजार. उरलेले सव्वादोन लाखही नाहीत, ते बाकीच्या 1 कोटी 18 लाखांतून काढायचे, म्हणजे दोन टक्क्यांच्या आतच. कर पकडला तरी फार हलत नाही.

महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो, म्हणून फंडाला हात लावू नका, तो त्यासाठीच राहू दे.

एक निरीक्षण, रागावू नका. माझ्या खातेदारांत ज्यांच्याकडे दोन लाख असायचे ते पासबुक भरायला वर्षातून एकदा यायचे. ज्यांच्याकडे वीस, ते दर महिन्याला. व्याज तर तेवढंच पडणार असतं.

विनाअनुदानित_मास्तर

धागा वाचून पोटात कळ आली, खोटं कशाला बोलू. मी 2009 ला लागलो. 1 नोव्हेंबर 2005 नंतरचे आम्ही, जुनी पेन्शन नाही. पहिली काही वर्षं तर पगारच नव्हता, शाळा सुटली की मेडिकलच्या दुकानात उभा राहायचो. मागच्या वर्षी वडील 11 दिवस आयसीयूत होते, साडेसात लाख गेले, त्यातले चार उसने. "किती पुरे" हा प्रश्न पडायलासुद्धा आधी काहीतरी शिल्लक लागते.

म्हणून मला तुमची भीती बावळट वाटत नाही. दहेजला जावंसं वाटतं तर जा. पण काम आवडतं म्हणून जाताय की वहीतला आकडा गाठायला, एवढं बायकोला खरं सांगून जा. आणि सगळं संपाच्या माथी मारू नका. संपातून गेलेले आमचे एक मामा आज सत्तरीत आहेत. खिशात शंभर असले तर ऐंशीचे मासे आणतात.

कुडाळची_वहिनी

मास्तरांचो मामा बरो गावलो. अशे आमच्याकडे घराघरात आसत :)

भाऊ, मी पैशाचंच बोलते, कारण तुम्हाला तेच ऐकू येणार. आमच्या घराचं काम आम्ही तीन वर्षं पुढे ढकललं. पहिल्या वर्षी गडी म्हणाला, कौलं परतायची आणि दहा-बारा फुटकी बदलायची, आठ हजार. आमचे हे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पाणी रिपांत गेलं, रिपांतून वाशांत, मग वाळवी. शेवटी एक भाल, म्हणजे छपराचं मोठं लाकूड, बदलावं लागलं आणि भिंतीचे वरचे दोन थर चिरे. 3 लाख 80 हजार. बंद घर पावसाची वाट बघत नाही. त्यात रोज चूल पेटली, धूर लागला, तर लाकूड टिकतं. मुंबईकरांना हे कोणी सांगत नाही.

तुमच्या दहेजच्या पहिल्या तीन पगारांएवढं तुमचं माजघर खाणार, लिहून ठेवा. त्याच वहीत.

बाकी एक विचारायचं होतं. तुमच्या आवशीन त्या चौदा जणांकडची बाकी वसूल केल्यान काय?

गिरणगावचा_पोर

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं लिखाण वाचून जरा लाजच वाटली. मामांचं पटलं, आमच्या बाबांचे दोन सोबती तसेच होते. पोस्टाच्या ताई, रागावलो नाही, पण बँकेचं ॲप मी दिवसातून किती वेळा उघडतो हे मी इथे लिहिणार नाही.

वहिनी, बाकीबद्दल. आईची पण वही होती, तेलकट. तिच्यात संपाच्या महिन्यांपुढे नावं आणि आकडे आहेत, बहुतेक तसेच उघडे. तिने कुणाकडे मागायला माणूस पाठवला नाही. नऊ वर्षांनी, 1991 च्या गणपतीत, त्यांतला एकजण दारात आला. सुरतेला लूमवर लागला होता. 340 रुपये काढून पुढे ठेवले. मला वाटलं आई नको म्हणेल. तिने घेतले, दोनदा मोजले, आतून वही आणून त्याच्या नावावर काट मारली आणि मग म्हणाली, बस, पान वाढते. त्याने तीन वेळा भात घेतला.

हे मी गेली कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. काल हिला सांगितलं. ती म्हणाली, आईंनी काट मारली ना, मग तुम्ही तुमच्या वहीत एकदा तरी मारलीत का?

10 लाखांवर मारलेली नाही. 50 वर नाही, कोटीवरही नाही. प्रत्येक वेळी नुसता खाली नवीन आकडा.

दहेजच्या साहेबांना अजून काही कळवलेलं नाही. आज सकाळी मालवणच्या गड्याला फोन केला. तो 26 हजार म्हणाला, कौलं वेगळी. मी 22 वर आणायला बघत होतो, तेवढ्यात हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला सांगितलं, सोमवारपासून लाग.