निवाऱ्याच्या नव्या शेडला देणगी द्यावी का?

गवती_चहा
आमच्या भागातल्या प्राणी निवाऱ्याने नव्या शेडसाठी देणगी मागितली आहे. मी देणार नाही. गाडीखाली आलेलं कुत्रं रात्री-अपरात्री उचलायला तिथलीच पोरं धावतात, त्याबद्दल आदरच आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री उचला आणि परत तिथे सोडू नका असं सांगितलं, तेव्हापासून लोकांना निवारा म्हणजे गोदाम वाटायला लागलंय. उद्या ही शेड भरेल, परवा दुसरी मागतील. तेवढ्याच पैशात नसबंदी आणि लसीकरण करा.

दोन_मुलींची_आई
माझ्या धाकटीला शाळेच्या फाटकासमोर कुत्रं चावलं. त्याच्या कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी झालेलं. नसबंदीने दात पडतात का हो? शाळेपुरतं तरी कोर्टाने ऐकलं, तर आता तुम्ही म्हणता जागाच नको. मग ठेवायची कुठे ती कुत्री?

पेडण्याचा_पाव
आमच्या गोव्यात २०१३ पासून 'मिशन रेबीज'वाले वाड्यावाड्यांतून जाळी घेऊन फिरले. कुत्रं धरायचं, लस टोचायची, मोबाइलवर नोंद करायची, तिथेच सोडायचं. हेच दरवर्षी. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असा हिशेब. २०१८ पासून काही वर्षं माणसाचा बळी गेला नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. एवढं सगळं कुत्री कोंडून झालेलं नाही.

दोन_मुलींची_आई
@पेडण्याचा_पाव, रेबीज गेला, छानच झालं. चावणं थांबलं का गोव्यात?

पेडण्याचा_पाव
नाही थांबलं. किनाऱ्यावर अजून चावतात.

निवाऱ्यातला_हमाल
मी तिथे सुट्टीच्या दिवशी फरशी धुतो. गवती_चहा, नसबंदी करा म्हणता, मग ऑपरेशन झालेल्या मादीला टाके सुकेपर्यंत चार-पाच दिवस कुठे ठेवू? तुमच्या गॅलरीत? पिंजरे नाहीत म्हणून ऑपरेशनं अडतात. आणि एकाच शेडमध्ये गर्दी झाली की पार्व्हो (कुत्र्यांतला झपाट्याने पसरणारा जुलाबाचा रोग) शिरतो, पिल्लं पटापट जातात. आम्हालाही गोदाम नकोच आहे.

देणगीदारांबद्दलही बोलतो, राग आला तर येऊ दे. वाढदिवसाला चिकन-भात घेऊन येतात, पिल्लांबरोबर फोटो काढतात. लकवा झालेल्या कुत्र्याचा दिवसातून तीनदा लंगोट बदलायला वर्षभर माणूस लागतो, त्याच्या पगाराला कोणी हात लावत नाही.

भुलेश्वरकर
हे दुखणं जुनं आहे. १८३२ मध्ये सरकारने मुंबईत कुत्री मारायला काढली आणि पारशी मंडळींनी दंगल केली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय, मोतीचंद अमीचंद वगैरेंनी पांजरपोळ, म्हणजे बेवारस जनावरांचा निवारा, उभी केली. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर कर बसवून तिला कायमचं उत्पन्न बांधून दिलं. वाढदिवसाच्या चिकन-भातावर ती चालली नसती.

खडूस_काका
दंगल नको, पण सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये महिना वीस रुपये वाढवून बघा. तीही होईल.

गवती_चहा
@हमाल, ऑपरेशनच्या पिंजऱ्यांना पैसे देतो. तशी पावती फाडा. कायमच्या शेडला मात्र माझा विरोधच.

दोन_मुलींची_आई
आणि फाटकासमोरचं कुत्रं कुठल्या पावतीत बसतं?

निवाऱ्यातला_हमाल
ताई, शाळेचा पत्ता निरोपात टाका. चावलेलं कुत्रं आधी दहा दिवस नजरेखाली ठेवावं लागतं, त्याला वेगळी खोली आहे. नंतर ते शाळेसमोर येणार नाही. पण त्याच फाटकाशी रोज संध्याकाळी वडापावची गाडी उरलंसुरलं ओतते. त्या गाडीवाल्याशी शाळेने बोलायला हवं, नाहीतर आठवड्यात दुसरं येऊन बसेल.