मदत हवी आहे : २००१ सालची पाइपची तंबाखू मुरली की गेली?

माळ्यावरचा

आधीच सांगतो, मी ओढत नाही आणि कुणी ओढावी असंही माझं म्हणणं नाही. भानगड काकांची आहे.

काका मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. २००९ मध्ये बायपास झाली आणि त्या दिवसापासून पाइप बंद. पाइप अजून शोकेसमध्ये आहेत आणि दर रविवारी पुसले जातात, ते सोडा. मागच्या आठवड्यात अलिबागच्या घराचा माळा आवरताना त्यांच्या ट्रंकेत तीन ऐवज सापडले.

पहिला डनहिलचा गोल डबा. माय मिक्स्चर ९६५ नावाचं मिश्रण, ५० ग्रॅम, सील शाबूत, लेबलावर बेलफास्टच्या मरे कंपनीचं नाव. २००१ मध्ये असे दोन डबे एकदम घेतले होते, त्यातला एक तेव्हाच संपवला म्हणे. दुसरा ऐवज चपट्या चौकोनी डब्यातल्या व्हर्जिनिया फ्लेकचा, म्हणजे दाबून कापलेल्या चकत्यांचा. याच्या कडेला गंज आहे, झाकण हातानेच निघालं. चकत्या काळपट पडल्यात आणि त्यावर पांढरे ठिपके आहेत. तिसरी हॉर्लिक्सच्या बाटलीत भरलेली कुठलीशी व्हॅनिला वासाची तंबाखू. ही पार कोरडी, हातात घेतली की चुरा होते.

काकांना ओढायची नाही, फक्त वास घ्यायचाय. त्यांच्या मते तंबाखू लोणच्यासारखी मुरते, जितकी जुनी तितकी चांगली. काकूंच्या मते तिन्ही घंटागाडीत जायला हवेत. खरं काय? पांढरे ठिपके म्हणजे बुरशीच ना? आणि सीलबंद डबा उघडला तर काकांना २००१ चाच वास मिळेल का?

धूम्रकेतू

लेबल आणि साल जुळतंय. डनहिलची पाइपची तंबाखू १९८१ पासून बेलफास्टला मरेंकडे बनायची, २००५ च्या सुमारास ते काम डेन्मार्कला गेलं. २०१८ नंतर डनहिल या नावाने ती बंदच झाली. आता तीच मिश्रणं पीटरसनच्या नावाने निघतात. म्हणजे काकांचा डबा जपण्यासारखा आहे.

मुरण्याबद्दल काका अर्धे बरोबर आहेत. सगळीच तंबाखू मुरत नाही. कैरीचं लोणचं मुरतं, काकडीची कोशिंबीर मुरत नाही, तसंच. खरी मुरते ती व्हर्जिनिया जातीची. नवीन असताना तिला वाळल्या गवताचा, थोडा लिंबाच्या सालीसारखा वास असतो आणि जीभ चावते. पाच-सात वर्षांत रंग गडद होतो, चावरेपणा जातो, मनुका-खजुराच्या अंगाने जायला लागते. व्हर्जिनियात पेरीक असेल तर आणखी मजा. पेरीक लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये करतात, पानं पिंपात दाबून वर्षभर आंबवतात, त्यामुळे ती मुळातच मुरलेली असते.

बर्ली ही तंबाखूची दुसरी जात, ती फारशी बदलत नाही. व्हॅनिला-चेरीवाल्या तंबाखूचा वास वरून लावलेला असतो, तो उडतो आणि खाली विशेष काही उरत नाही. तेव्हा हॉर्लिक्सच्या बाटलीपुरत्या काकू बरोबर.

आता ९६५. यात लाटाकिया आहे. लाटाकिया हे सीरियातल्या बंदराचं नाव, नंतर बहुतेक माल सायप्रसचा यायला लागला. ही पानं लाकडाच्या धुरावर धरून वाळवतात, म्हणून चुलीजवळ बसल्यासारखा वास येतो. जुन्या डब्यात हा धूरच आधी मवाळ होतो. काकांच्या डोक्यात २००१ चा धूर असेल, तर तो तेवढा मिळणार नाही. आधीच सांगून ठेवा, नाहीतर खराब झाली म्हणतील.

अर्धवट_रसायन

कारण अगदी घरगुती आहे. जुना गूळ काळा पडतो ना, जवळपास तेच. व्हर्जिनियाची पानं गरम हवेच्या कोठारात आठवड्याभरात वाळवतात. पिष्टाची साखर झालेली असते आणि ती पुढे खर्ची पडायच्या आत पान वाळतं, म्हणून साखर आत अडकून राहते. बर्ली नुसत्या हवेवर कित्येक आठवडे टांगतात, तेवढ्यात पान जिवंतपणीच आपली साखर खाऊन टाकतं. पुढे वर्षानुवर्षं साखर आणि अमिनो आम्लं यांची संथ प्रक्रिया चालते, भाकरीला खरपूस डाग पडतात तीच, फक्त तव्याशिवाय.

हे होण्यासाठी थोडा ओलावा लागतो. पार कोरडी झाली की मुरणं थांबतं. नंतर पाणी शिंपडून ती मऊ होईल, पण उडून गेलेला वास परत येत नाही.

गवती_चहा

आमच्या आजोबांची चंची मीच एकदा सोडली होती, दोन दिवस शिंकत होतो. काकांच्या बायपासचा विचार करा राव. वासावरून पाइपवर जायला वेळ लागत नाही.

माळ्यावरचा

@गवती_चहा, काकू समोर बसूनच वास घेऊ देणार आहेत. आणि आगपेटी त्यांच्या कमरेला आहे.

ठिपक्यांचं कुणीच सांगितलं नाही.

धूम्रकेतू

उन्हात धरून भिंगातून बघा. मुरलेल्या व्हर्जिनियावर कधी कधी बारीक स्फटिक येतात, ते खडीसाखरेच्या कणांसारखे चमकतात. बुरशी चमकत नाही, कापसासारखी तंतुमय असते आणि कुबट वास मारते. स्फटिक म्हणून कौतुकाने दाखवलेले बरेच नमुने बुरशीच निघतात, त्यामुळे शंका आली की टाका. गंजलेला डबा, त्यात अलिबागचा पावसाळा, मला फारशी आशा नाही. चौकोनी डब्यांच्या कोपऱ्यांना सील धरून ठेवणं मुळातच जड जातं, गोल डबे जास्त टिकतात.

आणि नाक एकदम डब्यात खुपसू नका. बुरशी असली तर ती छातीत जाईल.

माळ्यावरचा

अपडेट. चौकोनी डबा गेला. भिंगातून चक्क पांढरं लव दिसलं, आंब्याच्या पेटीत कुजक्या आंब्यावर असतं तसं. हॉर्लिक्सची बाटली काकूंनी धुऊन उन्हात ठेवलीय.

डनहिल काल संध्याकाळी ओटीवर उघडला. नाणं लावून झाकण उचकटलं तर फुस्स झालं, म्हणजे सील शेवटपर्यंत धरून होतं. आत मऊ, गडद तपकिरी, ठिपका एकही नाही. काकांनी डबा हाताभर लांब धरला, मग थोडा जवळ. म्हणाले, "धूर उतरलाय रे. पण हे गोड मागाहून आलंय, हे तेव्हा नव्हतं." काकूंनीही वास घेतला आणि म्हणाल्या, अनारशाचं पीठ.

आता डब्याचं झाकण नीट बसत नाही. काकांना ती ठेवायचीच आहे. रबराची कडी असलेली काचेची बरणी आहे, एक लिटरची. चालेल?

धूम्रकेतू

५० ग्रॅमला एक लिटर फार मोठी. वर हवा जितकी जास्त राहील तितका वास लवकर उडेल. छोटी बरणी घ्या, गळ्यापर्यंत भरेल अशी. आधी धुऊन पूर्ण कोरडी करा, लोणच्याची असेल तर नकोच. आणि माळ्यावर ठेवू नका, पत्र्याखाली मे महिन्यात भट्टी होते. कपाटात, अंधारात.

माळ्यावरचा

जॅमची रिकामी बाटली मिळाली, बरोबर भरली. कपाट काकूंच्या साड्यांचं आहे, त्यावर वाटाघाटी चालू आहेत.