मदत हवी आहे: रक्ताच्या फ्लुरोसन्समध्ये मी कर्करोग मोजतेय की अ‍ॅनिमिया?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कर्करोगाचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या रक्ताच्या फ्लुरोसन्समध्ये (प्रकाश टाकल्यावर उमटणाऱ्या चमकेत) फरक दिसतो का, हा माझा प्रकल्प. नीतिसमितीची परवानगी आहे. रुग्णांचे 24 नमुने, निरोगी 20.

लाल पेशींत अ‍ॅसिटोन मिसळून सेंट्रिफ्यूज करते, वरचं नितळ द्रावण क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक कुपीत) घेते आणि 400 नॅनोमीटरच्या प्रकाशाने एक्साइट करते, म्हणजे चमकवते. 630 च्या आसपास पोर्फिरिनचा (ज्यापासून हीम बनतं त्या रसायनाचा) पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, येतो, रुग्णांमध्ये चांगला उंच येतो. पहिल्या आठवड्यात इतका आनंद झाला की लगेच घरी फोन केला.

नंतर नोंदवही चाळताना दिसलं, की निरोगी गटातल्या तिघींचा पीकही तेवढाच उंच आहे, आणि तिघींचंही हिमोग्लोबिन 10 च्या खाली आहे. लोह कमी पडलं की हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) पुरतं तयार होत नाही आणि त्याच्या आधीच्या पायरीचं पोर्फिरिन, म्हणजे प्रोटोपोर्फिरिन, लाल पेशींत साचतं. माझ्या निम्म्याहून जास्त रुग्णांनाही अ‍ॅनिमिया आहे! मग हा फरक नक्की कशाचा?

दुसरं, प्लाझ्मा 280 ला एक्साइट केला की ट्रिप्टोफॅनचा (प्रथिनांतल्या एका अमिनो आम्लाचा) पीक 340 ला मिळतो, पण 560 ला एक टोकदार पीक सगळ्याच नमुन्यांत येतो. तो कशाचा?

आईचं निदान तिसऱ्या टप्प्यात झालं, म्हणून हा विषय घेतला. खोटी आशा दाखवणारा प्रबंध मला लिहायचा नाही.

प्रतिसाद:
560 चा पीक रक्ताचा नाही. 280 ची दुप्पट 560. विखुरलेला 280 चा प्रकाश ग्रेटिंगच्या (यंत्रातल्या रंग वेगळे करणाऱ्या रेषांच्या पट्टीच्या) दुसऱ्या ऑर्डरने, म्हणजे दुप्पट तरंगलांबीच्या जागी, तिथे येतोय. नुसतं पाणी ठेवलंत तरी दिसेल. एमिशनच्या बाजूला, म्हणजे नमुन्यातून बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत, 280 अडवणारा फिल्टर लावा.

पहिला प्रश्न खरा अवघड आहे. लोह नसलं की प्रोटोपोर्फिरिनमध्ये त्याच्या जागी जस्त (झिंक) बसतं, आणि झिंक प्रोटोपोर्फिरिन 590 च्या जवळ चमकतं. अ‍ॅसिटोनमध्ये आम्ल घालता का? आम्लाने जस्त सुटतं आणि मग दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. एकदा आम्लाशिवाय, 425 ला एक्साइट करून बघा. तरी तेवढ्यावर विसंबू नका. दीर्घ आजारात लोह शरीराच्या साठ्यातच अडकून राहतं, तेव्हाही झिंक प्रोटोपोर्फिरिन वाढतं. अ‍ॅनिमिया आहे पण कर्करोग नाही, असा तिसरा गट घ्यावाच लागेल.

धागाकर्ती:
हो, थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालते! उद्याच आम्लाशिवाय करून आलेख इथे टाकते. तिसऱ्या गटासाठी परवानगीचा अर्ज नव्याने करावा लागेल. कमीत कमी किती नमुने मागू?