मदत हवी आहे: घटस्फोटानंतर दिव्यांग भाच्याचं यूडीआयडी, बँक खातं आणि सरकारी लाभ (पुणे)

मुठाकाठ
नमस्कार. बहिणीचा परस्पर संमतीचा घटस्फोट शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे, अंतिम आदेश बाकी. भाचा १६ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांगत्व ७५ टक्के. ताबा आईकडे, पोटगी महिना ९,०००. वडील राज्य सरकारी नोकरीत. यूडीआयडीवर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मोबाईल वडिलांचा, मुलाच्या बचत खात्यावर पालकही तेच, निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा परतावा त्याच खात्यात. हे आईच्या हाती कसं आणायचं? आणि अठरानंतर संजय गांधी निराधार योजनेच्या मासिक मदतीचा अर्ज करावा का?

नक्कल_अर्ज
आदेश व्हायचा आहे हे बरं आहे. संमतीच्या अटींचा मसुदा आजच काढून वाचा. 'मुलाचा ताबा आईकडे' एवढ्यावर बँक वडिलांची सही मागणारच. ताबा वेगळा, पालकत्व वेगळं, आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम वडिलांचं नाव आधी घेतो. म्हणून सरळ लिहून घ्या: बँक खातं, आधार, दिव्यांगत्व प्रमाणपत्र, विमा आणि शासकीय लाभ यांसाठी आई एकटी पालक म्हणून सही करील, वडिलांची वेगळी संमती लागणार नाही.

पोटगीचं कलमही बघा. 'मुलगा १८ वर्षांचा होईपर्यंत' हे ठरावीक वाक्य असेल तर खोडायला लावा. दिव्यांगत्वामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या सज्ञान मुलाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगीचा हक्क आहे, पण अटींत आधीच लिहिलं तर दुसरा दावा टळतो. दिव्यांग अवलंबिताच्या खर्चासाठी आयकरात मिळणारी वजावट (जुन्या करप्रणालीत ७५,०००) कोण घेणार, तेही ठरवून टाका.

आदेश झाला की चार-पाच प्रमाणित नकला एकदमच मागा. साध्या झेरॉक्सवर कोणी काम करत नाही.

खिडकी_नंबर_चार
क्रम चुकला की सगळं अडतं. पहिलं आधार: मुलाला केंद्रावर न्या, मोबाईल आईचा करा. पंधरा पूर्ण झाल्यावरचं बायोमेट्रिक राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत. मग आई पालक असलेलं नवं खातं. इथे बहुतेक जण फसतात. खातं उघडताना आधार दिलं म्हणजे ते लाभासाठी जोडलं गेलं असं नाही. डीबीटीचा (सरकारी लाभ थेट खात्यात जमा होण्याचा) संमती अर्ज वेगळा भरावा लागतो. सरकारी पैसे एनपीसीआयच्या (बँकांमधली देयक यंत्रणा चालवणारी संस्था) नोंदीत जे खातं असेल तिथेच जातात, अर्जावर काहीही लिहा. पैसे नव्या खात्यात आल्याशिवाय जुनं बंद करू नका.

त्यानंतर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा मोबाईल आणि पत्ता बदला. निरामयची मुदत एप्रिल ते मार्च असते, नूतनीकरण करताना खातं बदलून घ्या. दावा ३० दिवसांत पाठवायचा असतो, तेव्हा थेरपीची मूळ बिलं आईकडेच राहू द्या. रेशनकार्डावरून आई आणि मुलाची नावं कमी करून स्वतंत्र कार्ड काढा, पत्ता बदलला असेल तर याचा उपयोग पुढे बराच होतो.

संजय गांधीचं स्पष्ट सांगतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. तुमची पोटगीच वर्षाला १,०८,००० होते, आणि ती न्यायालयाच्या आदेशात लिहिलेली असणार. महिना २,५०० साठी पोटगी लपवून दाखला काढायचा सल्ला एजंट देतील, ऐकू नका. वसुली लागते.

मुठाकाठ
धन्यवाद, मसुदा वकिलांना परत पाठवतोय. पण आईकडे ताबा दिल्याचा आदेश अठरानंतरही चालेल ना?

नक्कल_अर्ज
नाही. अठराव्या वाढदिवसाला तो संपतो, आणि कायद्याच्या लेखी मुलगा सज्ञान होतो. बँक त्याची सही मागते, तो करू शकत नाही, खातं अडकतं. यावर उपाय राष्ट्रीय न्यास कायद्यातला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे नमुना 'अ' भरून कायदेशीर पालकत्व मागायचं. अर्ज एरवी आईवडील दोघांनी मिळून करायचा असतो, पण घटस्फोट झालेला असेल तर एकट्याने करता येतो. सोबत आदेशाची नक्कल जोडा. समितीचं प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, शाखेत कुरकुर झाली तर ते दाखवा. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यावा लागतो, हे फार कोणी आधी सांगत नाही.

खिडकी_नंबर_चार
एक राहिलंच. वडील सरकारी नोकरीत म्हणताय. जुनी पेन्शन लागू असेल तर अपंग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क आहे, आईवडिलांच्या घटस्फोटाने तो जात नाही. त्यांच्या कार्यालयातल्या कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव आणि दिव्यांगत्वाची नोंद असायला हवी. ती करून तिची प्रत आईला देण्याची अट याच मसुद्यात टाका. सह्या झाल्यावर ते काम कोण करून देणार?